वहिनींची ताई ची

माझे मोठे भाऊ वारल्यावर वहिनी मलेशियातून कायमच्या सिहोऱ्याला परत आल्या, तेव्हा त्या गावात टिकतील असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. भाऊ पेनांगला एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत वहिनी तिकडे गेल्या आणि त्यांचं अर्धंअधिक आयुष्य तिथंच गेलं. मुलगा हैदराबादला नोकरीला. तो म्हणत होता, माझ्याकडे चल. वहिनी म्हणाल्या, मला जमिनीवरचं घर पाहिजे, माळ्यावरचं नको. आमच्या घराला लागून भावाच्या वाट्याच्या दोन खोल्या होत्या. त्या झाडून, चुना मारून त्या तिथं राहायला लागल्या.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बायकोने मला सकाळी उठवलं आणि मागच्या दारापाशी नेलं. अंगणात पेरूच्या झाडाजवळ वहिनी उभ्या होत्या. गुडघे जरासे वाकलेले, दोन्ही हात छातीसमोर गोल, जणू मोठा माठ कवेत धरला आहे. त्या हलत नव्हत्या. आमचा चहा पिऊन झाला तरी तशाच. मग हात सावकाश खाली आले, एक पाय पुढं सरकला आणि त्या चालायला लागल्या. चालणं इतकं हळू, की पाऊल कधी टेकलं ते कळू नये. हात हवेत काहीतरी गोळा करून पुन्हा सोडून देत होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, दुःखाने वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुपारी तिने भीत भीत विचारलं, तेव्हा परत आल्यापासून पहिल्यांदा वहिनी हसल्या. म्हणाल्या, वेड नाही लागलं, ही ताई ची आहे.

“कोनत्या ताईची?” बायकोने विचारलं.

ती थट्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. पण ते घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून गावात, आणि तेव्हापासून सिहोऱ्यात या प्रकाराचं नाव ‘ताईची कसरत’ असंच पडलं आहे. वहिनींनी कधी दुरुस्त केलं नाही. त्या म्हणायच्या, नाव काही वाईट नाही.

पेनांगला त्या ज्या इमारतीत राहायच्या, तिच्याखाली फरशी घातलेली मोकळी जागा होती. तिथं रोज पहाटे चिनी म्हातारी माणसं जमायची. त्यांना शिकवणारी बाई त्याच इमारतीतली, आयुष्यभर शिवणकाम केलेली, वहिनींपेक्षा बरीच मोठी. सगळे तिला सिफू म्हणायचे. सिफू म्हणजे गुरू, पण त्या शब्दात बाप हा अर्थही आहे आणि तो बाईलाही लागतो, असं वहिनींनी सांगितलं. सिफूला तिच्या काकाने शिकवलं होतं, आणि तो काका तरुणपणी चीनमधून बोटीने आलेला. वहिनी बरेच दिवस वरच्या गॅलरीतून बघत राहिल्या. मग एक दिवस खाली गेल्या आणि सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. सिफूने हाकललं नाही आणि शिकवलंही नाही. फक्त जवळ येऊन त्यांचे खांदे खाली दाबले आणि तसंच उभं राहायला सांगितलं. मोडकीतोडकी मलय भाषा दोघींनाही सारखीच येत होती, तेवढ्यावर भागलं. नुसतं उभं राहण्यातच कित्येक महिने गेले. वहिनींना मनातून राग यायचा, पण भाऊ कामावर गेल्यावर रिकाम्या घरात बसण्यापेक्षा ते बरं, म्हणून त्या जात राहिल्या.

हे सगळं मी कौतुकाने ऐकायचो, पण दुरून. बसस्टँडजवळ माझं किराणा दुकान आणि गावालगत धानाची शेती. सकाळी अंगणात माठ कवेत धरून उभं राहायला मला वेळ नव्हता. मग मलाच चक्कर यायला लागली.

एका सकाळी दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि सगळं दुकान माझ्याभोवती फिरलं. खाली बसलो, तरी फिरतच राहिलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तिथं बिघाड झाला आहे. औषधाने चक्कर महिनाभरात गेली. पण माझा पायांवरचा विश्वास गेला तो गेलाच. रस्त्यावर भिंतीच्या कडेने चालायचो. जिने उतरताना कठडा धरायचो. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू चालत राहा, तोल परत येईल. पण पडायची भीती वाटली की मी चालायचंच टाळायचो.

त्या वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता. बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या खाचरांमधल्या, अरुंद धुऱ्यावरून मी लहानपणापासून पळत आलो. त्या दिवशी मात्र मधेच थांबलो. दोन्ही बाजूंना पाणी चमकत होतं आणि माझे पाय पुढं जाईनात. रोवणा करणाऱ्या बायांनी माना वर करून पाहिलं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून मी परत फिरलो. वहिनी त्या दिवशी डबा घेऊन शेतावर आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. संध्याकाळी अंगणात मला बोलावलं.

“भाऊजी, तुमी पाय उचलता, पन वजन त्याच पायावर ठेवून उचलता,” त्या म्हणाल्या. “भेवाने अजून जास्त वजन देता. मंग पडाल नाई तं काय होईल?”

मी म्हणालो, माझ्या कानात दोष आहे, पायात नाही. त्या म्हणाल्या, कानाचं डॉक्टर पाहतील, पायाचं आपण पाहू.

“चिखलात कसे चालता?” त्यांनी विचारलं. “पहिले पाय रिकामा करता, मंगच वर काढता. भरला पाय चिखल सोडतच नाई. हे तेच हाय. फक्त कोरड्या जमिनीवर करा लागते.”

जन्मभर चिखलात चाललो होतो, पण माझे पाय काय करतात ते मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पेरूच्या झाडाखाली उभा राहिलो. वहिनींनी आधी माझे खांदे दाबले, मग कमरेचा मागचा भाग, मग टाळूवर बोट ठेवून सांगितलं की इथून कोणीतरी दोऱ्याने हलकेच वर धरलंय असं समजा. गुडघे थरथरायला लागले. घाम आला. मी विचारलं, यात करायचं काय? त्या म्हणाल्या, जे नको ते करणं सोडायचं. मला वाटलं त्या काहीतरी गूढ बोलत आहेत, पण त्यांचा अर्थ साधा होता. मी दात आवळून उभा होतो, तेवढे मोकळे करायचे होते.

उभं राहून झालं की आठ हालचालींचा एक संच असायचा. चिनी लोक त्याला आठ रेशमी तुकडे म्हणतात. दोन्ही हातांनी आभाळ पेलायचं, धनुष्य ताणायचं, मान वळवून मागं पाहायचं, असं एकेक. हे ची कुंग, श्वासाचं काम. मान वळवायच्या हालचालीत मला अजून भोवळ यायची, म्हणून वहिनींनी ती माझ्यासाठी अगदी लहान केली, नुसती नजर फिरवण्यापुरती. त्या मला कधी जोर लावू देत नसत. थोडं राखून ठेवा, म्हणायच्या, सगळं आजच संपवू नका.

त्यानंतर चालणं. एका पायावर सगळं वजन न्यायचं, दुसरा अगदी रिकामा करायचा, मांजर ठेवते तसा पुढं ठेवायचा, आणि मग वजन ओतल्यासारखं त्यात न्यायचं. अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला चहा निवेल एवढा वेळ लागायचा. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास एका सकाळी मी शेतावर पाणी पाहायला गेलो आणि अर्धा धुरा ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी धुऱ्यावर आहे. तिथंच उभा राहिलो. भीती वाटते का ते तपासून पाहिलं. थोडी होती. मी डावा पाय रिकामा केला आणि पुढं ठेवला.

माझं पाहून आणखी माणसं आली. अंगण पुरेना, तेव्हा आम्ही गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या रुंद बांधावर, जायला लागलो. शेजारची दोन घरं सोडून एक काका राहायचे, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त होऊन मुलीकडे आलेले. त्यांना चार पावलांत दम लागायचा. ते वहिनींना म्हणाले, माझा दम बरा करा. वहिनींनी स्पष्ट सांगितलं की दम बरा करणं मला येत नाही, औषध बंद करायचं नाही, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरच या. काका डॉक्टरांना विचारून आले. मग त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पाळीवर नेली आणि त्यांनी बसूनच आभाळ पेललं. दम गेला नाही. पण दम लागला की घाबरायचे, ते कमी झालं, असं त्यांची मुलगी सांगायची. शाळेवर नव्याने आलेली एक तरुण शिक्षिका आली. माझी बायको आधी शिक्षिकेला सोबत म्हणून आली आणि मग आमच्या सगळ्यांत चांगली करायला लागली.

ताई चीची खरी मोठी साखळी तीन भागांची आहे. एक हालचाल संपते तिथूनच दुसरी निघते, मधे कुठं तुटत नाही. प्रत्येकीला नाव आहे. चिमणीची शेपटी धरायची. पांढऱ्या करकोच्याने पंख पसरायचे. वाघाला कवेत घेऊन डोंगरावर सोडून यायचं. वाघाचं ऐकून काका म्हणाले, एवढं सोपं असतं तं वनखात्याले कायले तरास झाला असता. त्यानंतर मागं मागं सरकत माकडाला हुसकावायचं. वहिनी माकडापर्यंत शिकवायच्या आणि मग हात खाली आणून थांबायच्या.

शिक्षिकेने मोबाइलवर सगळी साखळी शोधून काढली. पुढं एक हालचाल येते, तिचं नाव ढगांसारखे हात. दोन्ही हात आळीपाळीने समोरून सरकत जातात आणि शरीर बाजूला वाहत जातं. ती खरोखर फार सुंदर दिसते. शिक्षिका एक दिवस म्हणाली, आम्हाला हे शिकवा. वहिनी म्हणाल्या, मला येत नाही.

आम्हाला ते खरं वाटेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. माकडापर्यंत शिकून झालं आणि भावाचं दुखणं सुरू झालं. पुढची वर्षं दवाखाना आणि घर यांत गेली. सिफू मधूनमधून वर येऊन बसायची, भावासाठी पेज आणायची. साखळीचं बोलणं निघालं की म्हणायची, जेवढं आलं तेवढं रोज कर, बाकीचं इथंच आहे. भाऊ गेले आणि वहिनी तेवढंच घेऊन गावी आल्या.

“मंग मोबाइलवरून शिकून घ्या ना, काकू,” शिक्षिका म्हणाली. “सगळंच दिसते त्यात.”

“मले तो मानूस दिसते,” वहिनी म्हणाल्या. “त्याले माझा खांदा दिसत नाई.”

त्याच सुमारास नागपूरचा एक माणूस आला. त्याला कुठून तरी वहिनींचं कळलं होतं. तो ऊर्जा वाढवण्याची शिबिरं घ्यायचा आणि वहिनींनी तीन दिवसांत लोकांना पूर्ण ताई ची शिकवावी, प्रमाणपत्र तो देईल, असं त्याचं म्हणणं होतं. फलकावर कोणकोणते आजार बरे होतात तेही लिहायचं होतं. वहिनींनी त्याला जेवू घातलं. जेवताना विचारलं, तुम्ही स्वतः रोज किती वेळ उभे राहता? तो म्हणाला, मला वेळ कुठं मिळतो. वहिनींनी त्याला आणखी भात वाढला आणि विषय बदलला. तो गेल्यावर मी म्हणालो, नाही असं तोंडावर सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, ज्याने मागितलंच नाही त्याला नाही काय म्हणायचं. तो फलक मागत होता, ताई ची मागत नव्हता.

मला मात्र त्या अर्ध्या साखळीची हुरहूर लागली. सिफू अजून आहे, फोनवर तिच्या नातीने सांगितलं होतं. वय नव्वदीच्या घरात. धान कापून, चुरून म्हणजे मळून घरात आल्यावर मी आणि बायकोने वहिनींच्या मागे लागायला सुरुवात केली. हैदराबादच्या मुलालाही सांगितलं. वहिनी आधी नाही म्हणाल्या, भावाशिवाय त्या गावात पाय कसा ठेवू, म्हणाल्या. मग एक दिवस स्वतःच कपाटातून पासपोर्ट काढून मुदत पाहत बसलेल्या दिसल्या. थंडीत त्या एकट्या पेनांगला गेल्या.

त्या नसताना आम्ही पाळीवर जात राहिलो. माझ्या बायकोला पुढं उभं केलं आणि तिच्या मागे सगळे. माकडापर्यंत यायचं आणि थांबायचं. शिक्षिका म्हणायची, आता थोडेच दिवस, काकू ढग घेऊन येतील.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळीवर आम्ही सगळे वेळेआधीच हजर. काकांची मुलगीसुद्धा पाहायला आली होती. वहिनींनी मूठ तळव्यात धरून वंदन केलं आणि सुरुवातीची हालचाल केली. ती सगळ्यांत साधी. उभं राहायचं, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर येऊ द्यायचे आणि खाली जाऊ द्यायचे. बस. त्यांनी ती केली आणि पुढं गेल्याच नाहीत. पुन्हा केली. मग हात खाली ठेवून आमच्याकडे वळल्या.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लक्षात आहे. सिफू आता काठी घेऊन चालते. खाली फरशीवर खुर्ची टाकून बसते. वहिनींनी पहिल्या दिवशी तिच्यासमोर साखळी सुरू केली. हात वर नेले आणि सिफूने काठी आपटली. थांब. पुन्हा केलं. पुन्हा काठी. त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्यापाचव्या दिवशी वहिनींनी विचारलं, माझं काय चुकतं आहे? सिफू म्हणाली, तुझे हात कोणाला तरी दाखवत आहेत. इथं होतीस तेव्हा असं नव्हतं. तिकडे कोण बघतं तुला?

वहिनी म्हणाल्या, गावातली माणसं. मी त्यांना शिकवते.

सिफू खूप हसली म्हणे. मग म्हणाली, शिकव, पण करताना तू कर.

“महिनाभर तेच करून राहिली होती मी,” वहिनी आम्हाला म्हणाल्या. “हात वर, हात खाली. चिमनीपावतर गेली, अन् वेळ संपली. पुढचं काईच आनलं नाई. आनली ते सुरुवातच आनली.”

मला आठवतं, मी शिक्षिकेकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं होतं. माझंही उतरलं असणार. एवढा समुद्र ओलांडून माणूस जातो आणि हात वर, हात खाली घेऊन येतो. पण त्याच वेळी मी वहिनींकडे पाहत होतो. त्यांच्या जागी मी असतो तर नातीकडून नाहीतर मोबाइलवरून ढगांसारखे हात उचलले असते आणि सिफूचं नाव लावून टाकलं असतं. आमच्यातल्या कोणाला कळलंही नसतं. त्यांच्या ते मनातही आलेलं दिसत नव्हतं. त्या नव्याने शाळेत नाव घातल्यासारख्या ताज्या दिसत होत्या. त्यांनी पुन्हा हात वर नेले. या वेळी मी नीट पाहिलं. आधी त्यांची ही हालचाल आम्हाला फार सुबक वाटायची. आता तीत सुबक असं काही उरलं नव्हतं. पाण्यात बुडवलेलं लाकूड सोडलं की आपोआप वर येतं, तसे हात वर आले.

आम्ही सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. शिक्षिका काही दिवस आली नाही. मग परत आली आणि गुपचूप मागे उभी राहिली. वहिनींनी जाऊन तिचे खांदे दाबले.

एक गोष्ट मात्र वहिनींनी नवी आणली होती, आणि ती त्यांनी उन्हाळा लागताना काढली. निघायच्या आधी सिफूने खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मनगटं स्वतःच्या मनगटांना लावली होती आणि त्यांना ढकलायला लावलं होतं. ही जोडीने करायची साधना. समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या मनगटावर मनगट ठेवायचं, एकाने हळू ढकलायचं, दुसऱ्याने अडवायचं नाही आणि पळायचंही नाही. दुसऱ्याचं वजन कुठं चाललं आहे ते हाताने ऐकायचं. वहिनी ‘ऐकायचं’ असंच म्हणतात, चिनी भाषेतही तसंच म्हणतात म्हणे.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या बायकोला घेतलं, मग शिक्षिकेला. काकांना खुर्चीतच. मग माझ्याकडे वळल्या. मी जागचा हललो नाही. गावाच्या रस्त्याला लागून असलेली पाळ, शेतावर जाणारी माणसं, आणि दीर वहिनीच्या हाताला हात लावून उभा. बायकोने मागून म्हटलं, “जा ना, काहून थांबले?”

मी पुढं गेलो. मनगट लावलं. तरुणपणी मी कबड्डी खेळलो आहे, वहिनी माझ्यापेक्षा मोठ्या आणि निम्म्या वजनाच्या. आधी अगदी जपून ढकललं. त्या मान हलवून म्हणाल्या, खरं ढकला. मी खरं ढकललं. समोर काहीच नव्हतं. त्या तिथंच होत्या, मनगट तसंच मनगटाला चिकटलेलं, पण माझा जोर जिथं पोचायला हवा तिथं कोणी नव्हतं आणि मी पुढं झुकत चाललो होतो. पडलो असतो, पण त्यांनी दुसऱ्या हाताने माझं कोपर सांभाळलं आणि मला परत माझ्या पायांवर उभं केलं. यात जादू नाही, त्या म्हणाल्या, तुम्ही येताना आधीच सांगून राहिले होते.

मग म्हणाल्या, “आता मी ढकलते अन् तुमी ऐका.”

मी डोळे मिटले. आधी फक्त त्यांची बांगडी जाणवली, मग मनगटाचं हाड. बाकी काही नाही. मी खांदे सोडले, दात मोकळे केले. बऱ्याच वेळाने त्या मनगटामागून काहीतरी हलल्यासारखं वाटलं, फार खालून, कमरेच्याही खालून.

“डाव्या पायावर गेल्या तुमी,” मी म्हणालो.

“बरोबर,” वहिनी म्हणाल्या, आणि मला कळायच्या आत त्यांनी वजन उजव्यावर नेलं. खुर्चीतून काका म्हणाले, झालं असेल तं त्याले बसवा, पुन्हा माझा नंबर हाय.